सांधणी

अक्कलकोट रोडला, एमआयडीसीत,
रापेल्ली टॉवेल्सच्या मागच्या खोलीत
सर्व्हर आहे, कांड्या भरायच्या यंत्राशेजारी.
त्याच्या पंख्यात कापसाचा तूस अडकतो.
दर शनिवारी वडनालकाका तो ब्रशने झाडतात,
त्याच ब्रशने मग मार्कंडेयाची तसबीर.

दुसरा आहे कुठेतरी वर.
म्हणजे वर नाहीच, परक्या शहरात,
थंड खोल्यांत, भाड्याने.
पण नाव ढग.
"सोलापुरात ढगावर कोण भरवसा ठेवतंय ओ?"
काका पहिल्याच दिवशी म्हणाले
आणि कडक भाकरीचा तुकडा पुढे केला,
शेंगाचटणीसकट.

मला आणलंय दोघांचं बोलणं जुळवायला.
खालच्याला ठाऊक: कुठला माग चालू, कुठला बंद,
कुणाची उचल किती,
कुठल्या रंगाला किती मीठ.
वरच्याला ठाऊक: हॅम्बुर्गचा ग्राहक,
त्याची तारीख, त्याचा तो एकच निळा.
टॉवेल ओला झाल्यावर कसा लागतो
हे दोघांनाही ठाऊक नाही.

वरच्यात टी-चाळीस म्हणजे माप.
खालच्यात टी-चाळीस म्हणजे बदामी.
चाचणीत आम्ही चारशे डझन
बदामी मापाचे टॉवेल जर्मनीला पाठवले,
कागदावरच, नशीब.
गाजूल, गाजुल, गाजुल्ल:
माणूस एक, खाती तीन,
आणि तिन्हींत थोडी थोडी बाकी.

दुपारी दीडला वीज जाते.
निरोप रांगेत थांबतात.
आमच्या गल्लीत नळाला पाणी पाचव्या दिवशी येतं,
त्या मानानं ही रांग सुखी.
वीज आली की एकेक सुटतो,
मागून पावती येते: पोचलं.
पावती नाही आली तर पुन्हा पाठवायचं,
पण दोनदा मोजायचं नाही.
एवढंच शास्त्र. बाकी पगार.

शेडमध्ये बीम संपला की रुक्कव्वा येते.
बोटांना राख लावून
जुन्या धाग्याचं टोक, नव्या धाग्याचं टोक,
पीळ देऊन सोडते. गाठ नाही.
दोन हजार चारशे टोकं, मांडी घालून.
मी विचारलं, चुकत नाही?
"चुकतंय की. मग कापडात दिसतंय."

माझ्या कापडात दिसलं ते असं:
खातं क्रमांक चारशे सतरा.
श्रीहरी चिप्पा, माग अकरा.
हजेरी नऊ वर्षांपासून शून्य.
मजुरी दर शनिवारी, न चुकता.
वरचा त्याला घ्यायला तयार नाही:
हजेरीविना मजूर त्याच्या नियमात बसत नाही.
लाल ओळ. पुन्हा पाठवलं. लाल ओळ.

काकांनी चष्मा काढला, पुसला, घातला.
"शेठजींना विचारू नका.
त्यांनीच सांगितलेलं, माझ्याकडूनच लिहून घेतलं.
माग अकराचा पट्टा तुटला होता त्या दिवशी."
मग बराच वेळ नुसता खटखटाट, पलीकडच्या शेडचा.
"त्याची बायको बालामणी येती शनिवारी.
सही करती. श्रीहरीचीच करती."

पुण्याहून साहेबांचा फोन होता:
सगळं वर न्या, खाली काही ठेवू नका,
दोन घरचा पाहुणा उपाशी.
मी म्हटलं, रंगाचं मीठ खालीच राहील,
शेठजींची अट आहे.
तेही खरं होतं.

मग नकाशाच्या तक्त्यात, जिथं प्रत्येक खात्यापुढे
त्याचं वरचं नाव लिहायचं असतं,
चारशे सतरापुढे लिहिलं:
जागेवरच.

रात्री दोनला दोन्हीकडचे आकडे समोरासमोर आले.
गाजूल एक झाला, त्याची बाकीही.
बदामी बदामी राहिली.
काका खुर्चीतच झोपले होते, हातात ब्रश.
अहवालात शेवटची ओळ मी टाइप केली,
एकदा खोडली, पुन्हा टाइप केली:

फरक: एक. अपेक्षित.